मागच्या खोलीतली काजळी

“मुझफ्फरभाई, इथली काजळी कुठं गेली?”

हरीशनं असं विचारलं तेव्हा मुझफ्फर उलडेला वाटलं, साहेब खूश झालेत. तो चक्क लाजला. खांद्यावरचा फडका काढून त्यानं उगाचच दाराची चौकट पुसली.

“गेली ना साहेब? आमचे हातून डाग सुटत नाय. शुक्रवारी सुट्टीचा आलो मुद्दाम. पोरांना पण नाय सांगितला. बोललो, उद्घाटन तोंडावर आलाय आन् ही खोली अशी चुलीवानी काली, बरा नाय दिसत.”

हरीश भिंतीजवळ गेला. त्यानं मोबाइलचा दिवा लावून भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली. भिंत खवलेल्या नारळासारखी पांढरी होती. मग दिवा बंद करून तो तिथंच, खोलीच्या मधोमध, मटकन खाली बसला. इस्त्रीच्या पँटीतला माणूस असा धुळीत बसतो तेव्हा काहीतरी भयंकर झालेलं असतं, एवढं कळण्याइतके पावसाळे मुझफ्फरनं पाहिले होते.

“कुणी सांगितलं होतं तुम्हाला?”

“कुणी नाय.”

“मग का पुसलीत?”

हा प्रश्न मुझफ्फरला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. ‘का पुसलं नाहीस?’ हे पोटभर ऐकून झालं होतं. का पुसलंस, ह्याला काय उत्तर देणार? डाग होता म्हणून पुसला.

मुझफ्फरचं सारं आयुष्यच पुसण्यात गेलं होतं आणि त्याची त्याला लाज नव्हती, उलट थोडी घमेंडच होती. म्हसळ्याजवळच्या आपल्या गावातून तो कुवेतला आला तो लढाई संपल्या संपल्या. तेलाच्या विहिरी पेटवून दिलेल्या, भर दुपारी दिवे लावावे लागायचे, आणि अहमदीतल्या, तेल कंपनीच्या वसाहतीतल्या, स्टाफच्या बंगल्यांवर आतून-बाहेरून धुराची जाड साय चढलेली. पाणी मारलं की ती भिंतीत आणखीच मुरायची. तिथल्या एका म्हाताऱ्या खानसाम्यानं त्याला युक्ती शिकवली होती. घट्ट कणीक मळायची आणि तिचा गोळा भिंतीवरून हलक्या हातानं फिरवायचा. कणीक काळी होते, भिंत गोरी. तेव्हापासून कुठं आग लागली, कुणाचं गोदाम धुरकटलं, की सुपरवायझर उलडेला बोलावणं यायचं. सफाईच्या कंपनीतली पोरं त्याच्या पाठीमागं त्याला ‘पीठवाला’ म्हणायची. त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

हे घर कुवेत सिटीत, समुद्रासमोर, मोत्यांच्या एका जुन्या व्यापाऱ्याचं. आता त्याचं संग्रहालय होत होतं. पुढं ऐसपैस दिवाणखाना, नक्षीची दारं. आणि मागं ही बिनखिडकीची खोली. इथं व्यापाऱ्याचे गुलाम राहायचे, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गलबतांत कोंबून आणलेली माणसं. त्यांची नातवंडं-पतवंडं आज इथलीच नागरिक आहेत, बँकांत नि मंत्रालयांत नोकऱ्या करतात. पण तो विषय कुणी चारचौघांत काढत नाही. संग्रहालयाच्या समितीनं तो काढायचं ठरवलं तेव्हा त्या कुटुंबांनी साफ नकार दिला होता. मूळचा पुण्याचा हरीश ह्या कामाचा मॅनेजर. त्यानं वर्षभर त्यांच्या घरी चकरा मारल्या, कडू कॉफी प्यायला, ऐकून घेतलं, पुन्हा गेला. शेवटी त्यांच्यातली सगळ्यांत थोरली बाई, उम्म फरज, हो म्हणाली. तिच्यामागून बाकीचे हो म्हणाले.

“एकच अट होती तिची,” हरीश खालमानेनं सांगत होता. “खोलीत काय मांडायचं ते मांडा, म्हणाली, पण त्या काळ्या भिंतीला हात लावू नका. आणि आमच्यात मूल जन्मलं की दार उघडून द्या. बस्स. प्लास्टरवाल्यांना सांगितलं, रंगवाल्यांना सांगितलं, लायटिंगवाले, एसीवाले... मीटिंग घेतली मी, मुझफ्फरभाई! सगळ्यांना बसवून सांगितलं!”

“आमाला नव्हता बोलवला.”

हरीशनं वर पाहिलं. सफाईवाल्यांना मीटिंगला बोलवायचं असतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. भिंतीचं काम करणारे वेगळे आणि भिंत पुसणारे वेगळे. चूक कुठं झाली ते दोघांनाही एकदमच कळलं, आणि दोघांनीही ते बोलून दाखवलं नाही.

“परवा येणार आहेत त्या. गुरुवारी,” हरीश म्हणाला. “नातीला मूल झालंय.”

हरीश उठला, पँट झटकली, दार लावून घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, “तुम्ही घालवलीत, तुम्हीच परत आणा.”

“काय?”

“काजळी. दिसायला तशी झाली की झालं. माझ्याकडे फोटो आहेत आधीचे.”

“साहेब, असा कसा...”

“मग काय करू, तुम्ही सांगा! त्यांनी होकार मागे घेतला तर समिती ही खोली वीट रचून बंद करेल. वर्षभराचं काम पाण्यात. ती माणसं पुन्हा आपल्याला दारात उभं करणार नाहीत. आणि वरून विचारतील, कुणी केलं? मी काय सांगू?” तो थांबला. “तुमचं वय किती आता?”

हे हरीशनं वाईट हेतूनं विचारलं नसेल, पण सुरी जायची तिथं गेली. पंचावन्न उलटलेल्या सफाईच्या माणसाला नवी कंपनी घेत नाही. कंपनीनं हात काढला की इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, गेला, इकामा गेला की विमानाचं तिकीट. मुलगी जवेरिया पुण्याला फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. मुझफ्फरनं खाली मान घातली.

“बघतो,” तो म्हणाला.

*

मुझफ्फर राहायचा त्या फरवानियातल्या कोकणी बायकांत त्याच्या बायकोच्या, बिल्कीसच्या काजळाचं नाव होतं. कुणाकडं बाळंतपण झालं की डबी तिच्याकडूनच जायची. त्या दिवशी नवरा दुपारीच घरी आला आणि त्यानं ओट्यावर एरंडेलाचे डबे मांडले, तेव्हा तिनं कमरेवर हात ठेवले.

“एवढा काजल? कुनाचे डोल्यांत घालायचाय, हत्तीचे?”

“कामाचा हाय.”

“काजल कसला कामाचा?”

“तू नको विचारू, बिल्कीस. कर.”

तीस वर्षांच्या संसारात तो इतक्या खालच्या आवाजात क्वचितच बोलला होता. तिनं वाती वळल्या, दिवे लावले, वर पितळी ताटल्या पालथ्या धरल्या. स्वयंपाकघर एरंडेलाच्या वासानं कोंदलं. ताटली काळीभोर झाली की ती सुरीनं खरवडायची आणि कागदावर ढीग करायची. मध्येच तिचा हात थांबला.

“पोरांसाठी करतांव तवा बिस्मिल्ला बोलून करतांव,” ती म्हणाली. “ह्याला काय बोलू?”

मुझफ्फर उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला.

बुधवारी सकाळी दार आतून लावून त्यानं काम केलं. कोरड्या स्पंजनं थापून थापून काजळी बसवली, कडा विरळ केल्या, मधे गडद, वर छताकडे जीभ गेल्यासारखी. गळू नये म्हणून डिंकाचं पाणी फवारलं. कंबरेच्या उंचीवर भिंतीला एक उथळ खळगा होता, बोटाच्या पेराएवढा. शुक्रवारी पुसताना तो त्याला लागला होता, पण हा कशाचा, असं काही त्याच्या मनात आलं नव्हतं. तोही त्यानं नीट काळा केला.

हरीशनं मोबाइलमधला फोटो आणि भिंत शेजारी शेजारी धरून पाहिली.

“हुबेहूब!” तो म्हणाला. “मुझफ्फरभाई, तुम्ही जादूगार आहात.”

साहेबांच्या तोंडून असं काही ऐकायला एरवी मुझफ्फरनं महिनाभर वाट पाहिली असती. आज त्याला अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

“आता एक करा,” हरीश म्हणाला. “रुमैथियाला उम्म फरजच्या घरी जाऊन त्यांच्याकडची जुनी धुपाटणी घेऊन या. प्रदर्शनासाठी देतायत त्या. जपून आणायची आहे, ड्रायव्हरवर सोडता येणार नाही.”

“तुमी नाय येत?”

“नाही,” हरीश दुसरीकडे बघत म्हणाला. “मला आज त्यांच्या तोंडाकडे बघवणार नाही.”

*

उम्म फरज ऐंशीच्या घरातली, भरदार अंगाची, काळीसावळी बाई. हातात काठी, पण ती टेकण्यासाठी कमी आणि माणसांना हुकूम सोडण्यासाठी जास्त. मुझफ्फरची अरबी मोडकी असली तरी अडत नव्हती, आणि वडीलधाऱ्या बाईला मानानं ‘हज्जिया’ म्हणतात हे त्याला ठाऊक होतं. ती त्याला आधी बसवून मगच बोलायला लागली.

“कुठला तू?”

“हिंदी, हज्जिया. मुंबईच्या खाली. समुद्राकाठी.”

“माझा बाप जायचा मुंबईला, गलबतावर. कॉफी घे.”

त्यानं कॉफी घेतली, खजूर घेतला, पुरे म्हणून इथल्या रीतीनं रिकामा पेला हलवला. तिनं तरीही पुन्हा भरला. धुपाटणी समोर होती, मातीची, कडा झिजलेली. म्हातारीच्या शेजारी तिची नात अन्वार बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बँकेत अधिकारी होती पोरगी, पण सध्या तिला बाळापलीकडं जग नव्हतं.

“ही कुणाची माहीत आहे?” म्हातारीनं काठीनं धुपाटणी दाखवली. “माझ्या आजीची. झाफरान. हे नाव मालकांनी ठेवलेलं. आधीचं काय होतं ते तिलाच आठवत नव्हतं, इतकी लहान होती आणली तेव्हा. कपडे त्यांचे, अन्न त्यांचं, झोपायची जागा त्यांची. दर गुरुवारी सांजेला ती त्या भिंतीशी लोबान जाळायची. तिच्या आधीच्या बाया जाळायच्या. त्याची काजळी चढत गेली. मूल झालं की बोटावर ती काजळी घ्यायची आणि त्याच्या कपाळाला लावायची. माझ्या आईला लागली, मला लागली, ह्या अन्वारला लागली.”

मुझफ्फरचा पेला हातातच राहिला.

“कपाळाला?”

“मग? बघायला का येतो आम्ही तिथं? भिंतीत बघायचं काय आहे?” ती हसली, मग हसू आवरून म्हणाली, “त्या अख्ख्या घरात आमचं म्हणून तेवढंच होतं. भिंत त्यांची. काजळी आमची.”

मुझफ्फरनं पेला खाली ठेवला. त्याला वाटलं होतं, बायका येतील, लांबून भिंत पाहतील, दोन अश्रू ढाळतील, जातील. आता त्याला दिसलं ते भलतंच. उद्या ह्या लेकराच्या कपाळाला फरवानियातलं एरंडेल लागणार होतं. जवेरिया लहान होती तेव्हा बिल्कीस रोज संध्याकाळी तिला तीट लावायची, आणि एखाद्या दिवशी राहिली तर मुझफ्फर कामावरून आल्याबरोबर विचारायचा. ती तीट जर कुणी परक्यानं खोटी केली असती तर? त्यानं त्या माणसाचा हात मोडला असता.

“हज्जिया,” तो म्हणाला. “एक बोलू?”

“आधी हे धर.” तिनं नातीच्या मांडीवरून बाळ उचललं आणि सरळ त्याच्या हातात ठेवलं. “आमच्या घरी आलेला माणूस बाळ हातात घेतल्याशिवाय जात नाही. हं, आता बोल.”

बाळ ऊनऊन होतं. त्यानं मुझफ्फरच्या अंगठ्याला मूठ घातली. अन्वार कौतुकानं बघत होती, म्हातारी वाट बघत होती. बोलायचं ते सगळं त्याच्या ओठांवर होतं.

“गोड आहे बाळ,” तो म्हणाला.

“उद्या तूही ये,” उम्म फरज म्हणाली. “त्या घरात घाम गाळतोस, तुझं असणं बरं.”

गाडीत बसल्या बसल्या त्यानं हरीशला फोन लावला. “साहेब, ती लोकं काजली पोराचे कपालाला लावतात.”

मग हरीश म्हणाला, “तुमच्या मिसेसनी केलंय ना? शुद्ध आहे ना? मग बाळाला काही अपाय नाही.”

“मी अपायाचा नाय बोलत, साहेब.”

“मग कशाचं बोलताय?” हरीशचा आवाज चढला आणि लगेच पडला. “मलाही कळतंय हो. पण आता काय करता येतंय? एक दिवस. उद्याचा एक दिवस काढू.”

“डिंक मारलाय वरून. बोटाला येयाची नाय.”

“मग... त्यांचं बोट जिथं जाईल तिथला डिंक काढा.”

त्यांचं बोट कुठं जाईल हे मुझफ्फरला आता ठाऊक होतं. तो खळगा कशाचा, ते समजलं होतं. गुरुवारी सकाळी त्यानं तेवढ्या जागेवरचा डिंक ओल्या कापसानं काढला आणि तिथं मोकळी काजळी भरली. आपलेच हात आपल्याला परके वाटतात म्हणजे काय, ते त्याला त्या सकाळी समजलं.

*

दुपारच्या नमाजानंतर त्या आल्या. उम्म फरज पुढं, मागं तिच्या दोन सुना, मधे बाळाला घेऊन अन्वार. मुझफ्फर दाराशी उभा राहिला. हरीश आत, भिंतीपासून लांब. धुपाटणीत निखारा ठेवला, लोबान पडलं आणि त्या कोंदट खोलीत वास दाटला. म्हातारी भिंतीसमोर उभी राहिली. मुझफ्फरनं चौकट धरली. तिला कळलं असेल का? तिनं मान वर करून काळ्या जिभेपर्यंत सगळी भिंत पाहिली.

“अस्सलाम अलैकुम, बायांनो,” ती भिंतीला म्हणाली.

तिला काही कळलं नव्हतं. अर्धं काम फत्ते झालं होतं. हरीशनं मुझफ्फरकडं पाहून डोळ्यांनीच खूण केली, झालंच आता, धीर धरा. मुझफ्फरही स्वतःला तेच बजावत होता. जवेरियाचं शेवटचं वर्ष. एक दिवस. हे सगळं होऊन गेलं की कुणाचं काय बिघडणार आहे? कुणाला कळणार आहे?

अन्वारनं ओल्या कापसानं बाळाचं कपाळ पुसून घेतलं. काळजीनं, दोनदा. मग ओढणीच्या टोकानं टिपलं आणि बाळाला पुढं धरलं. उम्म फरजनं अंगावरच्या काळ्या अबायातून हात बाहेर काढला. मेंदीनं रंगलेलं बोट न चाचपडता सरळ खळग्याकडं गेलं.

“थांबा!”

तो ओरडला. अरबीत ओरडला, हिंदीत की कोकणीत, हे त्याचं त्यालाच कळलं नाही. बाळ दचकून रडायला लागलं.

“हज्जिया, ती तुमची काजळी नाही. माझ्या बायकोनं केलीय. आमच्या घरी, स्वयंपाकघरात.”

“मुझफ्फरभाई!” हरीश मराठीत कडाडला. “गप्प बसा!”

“नाय साहेब. लेकराचे कपालाला लागतेय ती.”

मग त्यानं सगळं सांगितलं. शब्द सापडेल तसे, आगापिछा नसलेले. सुट्टीच्या दिवशी आलो, डाग समजून पुसली, तुमची अट मला माहीत नव्हती. पण नंतर कळली, आणि कळल्यावरही मी खोटी लावली. काल तुमच्या घरात बसून तोंड उघडलं नाही. हरीशचं नाव त्यानं घेतलं नाही, आणि घेतलं नाही म्हणून हरीशला उभ्या जागी मरण आलं.

“आम्हीच लावायला सांगितली,” हरीश इंग्रजीत म्हणाला. “मी सांगितली.”

“एक गोष्ट!” अन्वार पुढं सरसावली. “वर्षभर येऊन बसलात आमच्याकडे. आमचं सगळं काढून घेतलंत, फोटो, गाणी, आजीच्या आठवणी. आम्ही एक गोष्ट मागितली होती, एक!”

उम्म फरजचं बोट अजून तसंच हवेत होतं. तिनं ते सावकाश मुठीत घेतलं. सगळ्यांना वाटलं, आता काठी उगारणार. ती मुझफ्फरकडं वळली.

“आधीची कुठं आहे?”

“कणकेत,” तो म्हणाला. “पाण्यानं नाही पुसली. कणकेच्या गोळ्यानं. कणकेनं उचलली सगळी.”

“कणीक कुठं आहे?”

“अन्न आहे ना ते, हज्जिया. कचऱ्यात नाही टाकत आम्ही. समुद्रात घातली. माशांना.”

म्हातारीच्या तोंडावरची रेघ हलली नाही. धुपाटणीतला निखारा तडतडला. एक सून तोंडावर ओढणी घेऊन रडत होती.

“कुठं?”

“समोरच. रस्त्यापलीकडे.”

उम्म फरजनं नातीच्या हातातून बाळ घेतलं, छातीशी धरलं आणि ती दाराकडं निघाली. “चल,” ती म्हणाली, “दाखव.”

जानेवारीचा वारा सुटला होता. सिग्नलला गाड्या थांबल्या तेव्हा ही वरात रस्ता ओलांडून गेली. पुढं मुझफ्फर, मागं बाळाला घेतलेली म्हातारी, तिच्या मागं बायका आणि सगळ्यांत शेवटी हरीश. त्याचा फोन सारखा वाजत होता आणि तो घेत नव्हता. पलीकडच्या कठड्याशी मुझफ्फर थांबला.

“इथून,” तो म्हणाला. “त्या दगडांवर उभा राहून.”

ओहोटी होती. दगडांखाली काळपट शेवाळ उघडं पडलं होतं आणि पाणी पार लांब गेलं होतं. उम्म फरज त्या पाण्याकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते वाऱ्यानं की कशानं, कुणाची विचारायची हिंमत नव्हती.

“समितीला काय कळवू?” हरीशनं शेवटी विचारलं. “खोली बंद करायची का?”

“का बंद करायची?” ती म्हणाली. “आणखी एकदा लपवायची? उघडी ठेवा. ती खोटी काजळी तेवढी पुसून घ्या.” तिनं मुझफ्फरकडं बोट केलं. “ह्याच्याकडून. ह्याला चांगलं पुसता येतं. आणि कुणी विचारलं भिंत पांढरी का, तर सांगा, पुसली.”

मुझफ्फरनं आजवर पुष्कळ बोलणी खाल्ली होती. पण इतक्या शांत आवाजातलं कुणाचं बोलणं त्याच्या इतकं आत गेलं नव्हतं. तो मान खाली घालून उभा राहिला. त्याला वाटलं, आता ह्या जातील.

“उतर,” ती म्हणाली.

“हं?”

“खाली उतर. पाणी आण.”

अन्वारनं पर्समधून प्लास्टिकची बाटली काढली. म्हातारीनं मान हलवली. “हातानं.”

मुझफ्फरनं बूट-मोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. शेवाळलेल्या दगडांवरून चालण्यात कोकणातल्या माणसाचं वय आड येत नाही. तरी तो दोनदा घसरला. एकदा गुडघा फुटला. पाण्यापाशी पोचून त्यानं दोन्ही हातांची ओंजळ भरली आणि परत फिरला. ओंजळीकडं बघावं तर पाय घसरणार, पायाकडं बघावं तर पाणी सांडणार. बोटं इतकी घट्ट आवळली होती की दुखायला लागली, तरी पाणी ठिबकतच होतं. कठड्यापाशी पोचला तेव्हा ओंजळीत काही उरलं नव्हतं. तळवे ओले होते, एवढंच.

“सांडलं, हज्जिया,” तो म्हणाला. “पुन्हा जातो.”

“नको.”

तिनं त्याचा उजवा हात धरून सरळ केला. हाताच्या रेघांत थोडा ओलावा होता, त्यावरून बोट फिरवलं आणि ते बाळाच्या कपाळाच्या मधोमध टेकवलं. तोंडानं काहीतरी पुटपुटली. झाफरानचं नाव तेवढं मुझफ्फरला ऐकू आलं.

“दिसत नाही,” अन्वार म्हणाली.

“नाही दिसत,” उम्म फरज म्हणाली.

वारा समुद्रावरून येत होता. कपाळावरचा तो ठिपका कडेनं वाळायला लागला होता. अन्वारनं बाळ आपल्याकडं घेतलं, वाऱ्याला पाठ केली आणि अबायाची एक बाजू ताणून बाळाच्या कपाळावर आडोसा धरला.